गळ्याचं माप

सियागंजात, हकीमुद्दीनभाईंच्या दुकानात
कर्णे आढ्याला टांगलेले असतात,
मांडवावरच्या दुध्यांसारखे, तोंड खाली करून.
एक धोतऱ्याच्या फुलाचा, अकरा पाकळ्यांचा, आतून लाल.
एक मुरादाबादी पितळेचा, गेल्या दिवाळीत जन्मलेला,
तेजाबाची वाफ देऊन म्हातारा केलेला.
‘‘ये शादी के फोटू में खड़ा रहेगा,’’ ते म्हणाले,
‘‘गाएगा नहीं.’’

सतरंजी सोडून मी यंत्र काउंटरवर ठेवलं.
अण्णांचं, माझ्या आजोबांचं.
तबकडीचं नव्हे, मेणाच्या नळीचं.
चावी आहे. कर्णा नाही. नळ्या सहा,
त्यातल्या पाच बुरशीनं चाखून संपवलेल्या.

त्यांनी आढ्याकडे पाहिलंच नाही.
यंत्र वळवलं, पाठीवरून बोट नेलं:
दोन भोकं, आणि भोवती रुपयाएवढं
ऊन न लागलेलं लाकूड.
इथं दांडा होता, म्हणाले, दांड्याला साखळी, साखळीत तो.
(म्हणाले हिंदीत; मी माझ्या भाषेत लिहितेय.)
तबकडीवाला कर्णा एका जागी बसतो, शेठजीसारखा.
याचा गाण्याबरोबर चालतो,
सुई सरकेल तसा, केसभर, केसभर.
जड आणाल तर गाणं खरवडून काढील.
मग गळ्याचं माप घेतलं
आणि अगरबत्तीच्या पुड्यावर लिहून दिलं.

तीन शनिवार.
पहिल्याचा गळा सैल. सायकलची ट्यूब गुंडाळली,
तर आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा.
दुसरा मोठा. आवाजही मोठा,
पण खुर्चीवर उभं राहून बोलणाऱ्या माणसाचा.
तिसरा सगळ्यात देखणा. भाव ऐकून
मी खाली पोहे खायला उतरले.

पोहे खाताना आठवली गोदूआत्या.
मल्हारगंजात, खिडकीशी, कानाला काळा पत्रा लावून.
आम्ही त्याच्या तोंडात ओरडायचो:
आत्या, दूध आलं. आत्या, मी पास झाले.
बापूकाका गेले, हेही ओरडूनच सांगावं लागलं;
तिच्याआधी गल्लीला कळलं.
तो पत्रा कुठून आला, कुणी कधी विचारलं नाही.
भांड्याला कुणी विचारतं?

तिच्या सुनेनं त्यात प्लॅस्टिकचे गुलाब खोचले होते.
मी गुलाब काढले. चौदा इंच. वजनाला वाटीएवढा.
बाहेरून काळा, पण निमुळत्या टोकाशी
कानानं घासून घासून पितळ उघडं पडलेलं.
कडेला एक पोचा, अंगठा मावेल असा.

हकीमुद्दीनभाईंनी पट्टी काढली नाही.
टिचकी मारली, कान दिला,
साखळीत अडकवून हलकी फुंकर घातली. तो हलला,
झोळीतलं मूल झोपेत हलतं तसा.
मग बसवला. खट्ट नाही, काही नाही.
बसला.

कर्णा म्हणजे तोंड, असं मी धरून चालले होते.
शब्द कुठून आला ते पंडितांना विचारा;
मला त्यात कान ऐकू येतो.
अण्णा याच्याच पोटात बोलले असणार
आणि मेणानं ऐकून घेतलं असणार;
पुढे चाळीस वर्षं आत्यानं.

सहावी नळी.
आधी नुसती तळणी, बराच वेळ.
मग कुणीतरी घसा साफ केला.
अण्णा गायचे म्हणतात. मी सावरून बसले.
गाणं नव्हतंच.
एक तरुण माणूस, जवळून, अगदी जवळून:
‘‘लागलं का?’’

यंत्र लागलं का, म्हणून विचारत होते,
की कुणी धडपडलं होतं,
की तो पोचा त्याच क्षणाचा,
कळायला मार्ग नाही.
‘‘गोदू, लागलं का?’’
आणि पुन्हा तळणी.

हकीमुद्दीनभाई, मराठी ज्यांना अर्धीच कळते,
कर्ण्याकडे वाकून म्हणाले,
‘‘लग गया, भाईसाहब.
बराबर लग गया.’’